भायखळ्याचं अग्निशमन संग्रहालय: आराखड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रकल्प कुणाचा? महापालिकेचा का?

नाही. ब्रिगेडच्या, म्हणजे मुंबई अग्निशमन दलाच्या, क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आम्हा चार-पाच घरांनी मिळून हा आराखडा केला आहे. माझे बाबा लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. शेजारचे काका ड्रायव्हर होते, वरच्या मजल्यावरचे वॉचरूमला, म्हणजे आगीची खबर घेणाऱ्या खोलीत होते. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात सगळे भेटलो तेव्हा विषय निघाला, की आपल्या माणसांनी आयुष्यभर जे केलं ते बघायला जावं अशी मुंबईत जागाच नाही. तिथून सुरुवात झाली. आज आमच्याकडे नकाशे आहेत, दालनांची मांडणी आहे, वस्तूंची यादी आहे. मंजुरी, जागा आणि निधी या तिन्ही गोष्टी अजून व्हायच्या आहेत. ‘कधी उघडताय?’ असं विचारत फोन येतात, म्हणून हे आधीच स्पष्ट केलं.

भायखळाच का?

कारण मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय तिथे आहे, बापूराव जगताप मार्गावर. रुळांच्या पलीकडे राणीची बाग आहे आणि तिच्या दारात १८७२ पासून उभं असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. शाळेची सहल तशीही तिथे येतेच. ट्रेनने येणाऱ्याला भायखळा स्टेशन जवळ पडतं. आम्हाला जुन्या ब्रिगेडच्या हद्दीतली, चालू केंद्राला लागून पण त्याच्या आवाराबाहेरची जागा हवी आहे. ‘आवाराबाहेरची’ का, ते पुढे येईल.

गोदीच्या बाजूचा विचारही केला होता. १९४४ चा स्फोट तिथेच झाला, म्हणून मन तिकडे ओढ घेत होतं. पण ज्या व्हिक्टोरिया गोदीत तो झाला, ती आता बुजवलेली आहे. पाणीच नसलेल्या धक्क्यावर उभं राहून ‘इथे जहाज होतं’ म्हणून सांगावं लागलं असतं.

मुंबईच्या आगींचा इतिहास संग्रहालय भरेल इतका आहे का?

या शहराची रचनाच आगीने बदलली आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये किल्ल्याच्या आत, म्हणजे आजच्या फोर्टमध्ये, मोठी आग लागली. दाटीवाटीची वस्ती, लाकडी घरं आणि मध्ये दारूगोळ्याची कोठारं. त्या आगीनंतर तटाबाहेर वस्ती पसरत गेली. आज काळबादेवी, मांडवी, भुलेश्वर हे भाग आपल्याला ‘जुनी मुंबई’ वाटतात, पण त्या काळी ती बाहेरची नवी वस्ती होती. आग विझवण्याचं काम आधी पोलिसांकडे होतं. १८८७ साली शहराला स्वतःचं अग्निशमन दल मिळालं.

गिरण्यांचा सगळा काळही यात येतो. कापसाची आग कशी असते ते बाबा सांगायचे: वरून विझलेली दिसते आणि गठ्ठ्याच्या पोटात तीन-तीन दिवस धुमसत राहते. गठ्ठा फोडून, पसरून, भिजवावा लागतो. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, भोंग्याइतकीच बंबाची घंटाही त्यांच्या कानात आहे. जोडीला चाळींच्या आगी, मग झोपडपट्ट्यांमधल्या सिलिंडरच्या आगी, मग उंच इमारती. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ताजमहाल हॉटेलात गोळीबार चालू असताना खिडक्यांना शिड्या लावून माणसं उतरवली, तीही याच दलाने. साहित्य भरपूर आहे. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावरच आमचे वाद होतात.

१९४४ च्या गोदी स्फोटाचं दालन कसं असेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि आमचाही सर्वाधिक वेळ यातच गेला.

आधी घटना थोडक्यात. दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज १२ एप्रिल १९४४ ला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कराचीत भरलेल्या कापसाच्या गासड्या, लाकूड, तेल आणि सोन्याच्या १२४ विटा. कापूस खाली आणि स्फोटकं वर, एकाच कप्प्यात. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या कप्प्यातून धूर दिसला. ब्रिगेड आली आणि पाणी मारू लागली. नऊशे टनांहून जास्त पाणी त्या कप्प्यात ओतलं गेलं. पण पाण्यावर कापूस तरंगतो, त्यामुळे जळता कापूस पाण्याबरोबर वर वर, स्फोटकांच्या दिशेने सरकत गेला. जहाज बुडवायचं की ओढून बाहेर न्यायचं, हे अधिकाऱ्यांमध्ये ठरेना. बाहेरून जहाजाच्या पत्र्यावरचा रंग फुगून येत होता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेजारचं ‘जलपद्मा’ जहाज उचललं जाऊन धक्क्यावरच्या शेडवर जाऊन पडलं. मैलभर लांब एका निवृत्त पारशी अभियंत्याच्या घराचं छप्पर फोडून सोन्याची वीट आत आली. आगी आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि मलबा काढायला सात महिने.

ब्रिगेडचे ६६ जवान त्यात गेले. गोदी कामगार, हमाल, सैनिक, खलाशी आणि आसपासच्या वस्तीतले लोक धरून मृतांचा आकडा ८०० ते १३०० च्या दरम्यान सांगितला जातो. त्या दिवसाची आठवण म्हणून देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि तिथून २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो.

आता दालनाबद्दल. आमच्या पहिल्या आराखड्यात स्फोटाचा आवाज होता, थरथरणारी जमीन होती, लाल दिवे होते. तो आराखडा बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, “मेलेल्यांची जत्रा करायची आहे का?” ते सगळं त्याच रात्री काढून टाकलं.

आता तिथे एक लांब, अरुंद बोळ आहे. एका टोकाला दुपारचे दोन, दुसऱ्या टोकाला चार वाजून सहा मिनिटं. पायाखाली जहाजाच्या कप्प्याचं खऱ्या मापाचं रेखाचित्र: खाली कापूस, वर स्फोटकं. भिंतीवर दर पंधरा मिनिटांनी त्या वेळी कोणाला काय माहीत होतं, एवढंच लिहिलेलं. आगीशी झुंजणाऱ्यांना काय दिसत होतं, आणि पोटात काय भरलंय हे ज्यांना ठाऊक होतं ते काय बोलत होते. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायची पद्धत होती, ते निशाण त्या दिवशी नव्हतं. चालणारा माणूस बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत त्याला सगळं कळलेलं असतं आणि जवानांना काहीच नाही. बोळ संपला की एक शांत खोली लागते, तिच्या भिंतीवर ६६ खुंट्या.

खुंट्यांचं सांगते. प्रत्येक केंद्रात जवानाची एक खुंटी ठरलेली असते. ड्युटीवर आला की कोट, पट्टा आणि हेल्मेट तिथे लागतं. घंटा झाली की अंधारातसुद्धा हात बरोबर आपल्याच खुंटीवर जातो. जवान कॉलवर गेलेला असतो तेव्हा खुंटी रिकामी असते. या खोलीतल्या सगळ्या खुंट्या रिकाम्या असतील, खाली नाव आणि हुद्दा. तिथे आवाज नाही, चित्रफीत नाही. बसायला एक लाकडी बाक असेल.

त्या वेळच्या वर्तमानपत्रांत एवढं सगळं आलं होतं का?

लगेच नाही. युद्धाचे दिवस, बातमीवर सेन्सॉर. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी दिली, आणि इथल्या वार्ताहरांना सविस्तर मजकूर पाठवायला मे महिना उजाडला. ज्या शहराच्या खिडक्यांची तावदानं फुटली होती, त्या शहराला आपल्याच गोदीत काय झालं ते अधिकृतपणे उशिरा कळलं. या गोष्टीला दालनात स्वतंत्र भिंत आहे.

बाकी बघण्यासारखं काय असेल?

वस्तू. खऱ्या, वापरलेल्या, हात लागलेल्या.

कॅनव्हासचा जुना होज, म्हणजे बंबाची पाण्याची लवचिक नळी. पूर्वी आगीवरून आलं की होज धुवायचे आणि उंच मनोऱ्यात उभे टांगून वाळवायचे, नाहीतर कुजायचे. पावसाळ्यात क्वार्टर्सच्या जिन्यात त्या ओल्या कॅनव्हासचा वास भरून राहायचा, तो मला अजून ओळखता येईल. पितळी ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाला लावायची ती निमुळती नळी, जिच्यातून पाण्याचा फवारा सुटतो. कमरेची कुऱ्हाड. हाताने मारायचा पंप. वॉचरूमचं रजिस्टर: किती वाजता वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली, कोणी दिली, गाडी किती वाजता बाहेर पडली, किती वाजता परतली.

आणि लाल बादल्या. आगीची बादली बुडाला गोल असते हे कधी पाहिलंय? सपाट बूड असतं तर कुणीही उचलून धुण्याभांड्याला नेली असती. गोल बुडाची बादली जमिनीवर उभीच राहत नाही, म्हणून ती खुंटीवरच राहते, वाळू भरलेली. एखाद्याने फार विचार करून केलेली अशी साधी गोष्ट मुलांना दाखवायला मला फार आवडेल.

श्वसनयंत्राचं वेगळं कपाट असेल. आज जवान पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा घालून धुरात जातो. हवा संपत आली की शिट्टी वाजू लागते, म्हणजे परत फिरायचं. बाबांच्या सुरुवातीच्या काळात ओला रुमाल नाकातोंडाला बांधून आत जायचे. मोठ्या आगीवरून आले की दोन दिवस काळी थुंकी पडायची, आई गूळ आणि गरम पाणी द्यायची. तो रुमाल आणि आजचा मुखवटा आम्ही शेजारी शेजारी ठेवणार आहोत.

खरी आग दाखवणार का?

हो, एकच, आणि तीही काचेपलीकडे, प्रशिक्षित माणसाच्या हातून. कढईतल्या तेलाची आग.

आपल्या घरात सहज लागू शकणारी आग ही, आणि आपण सगळ्यात चुकीचं वागतो तेही इथेच. पेटलेल्या कढईवर पाणी टाकलं की पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि पाण्याच्या सतराशे पट जागा मागते. ती वाफ पेटतं तेल घेऊन छतापर्यंत उसळते. आधी लांब दांड्याच्या वाटीतून कपभर पाणी टाकून हे दाखवायचं. मग दुसरी कढई पेटवायची, बाजूने ताट सरकवून झाकायची, गॅस बंद करायचा आणि हात न लावता थांबायचं. बस, विझली. हा दोन मिनिटांचा प्रयोग बघितलेला मुलगा आयुष्यात कधी कढईवर पाणी टाकणार नाही, आणि घरी जाऊन आजीलाही सांगेल.

दुसरी खोली धुराची. धूर नाटकात वापरतात तो, निरुपद्रवी. गुडघाभर उंचीखाली दिसतं, वर काही दिसत नाही. मुलांनी रांगत, एक हात भिंतीला लावून दार शोधायचं. दार सापडलं की तळव्याने नाही, हाताच्या मागच्या बाजूने चाचपायचं. दार तापलं असेल तर उघडायचं नाही.

मुलं घाबरणार नाहीत का?

धुराच्या खोलीत काही मुलं घाबरतील. म्हणून ती ऐच्छिक आहे, दिवे लावायचं बटण आत चार ठिकाणी आहे आणि बाहेर थांबलेल्या मुलाला कुणी चिडवणार नाही, हे बघणं मार्गदर्शकाचं काम. गोदीचं दालन आठवीच्या खालच्या मुलांसाठी नाही. त्यांच्यासाठी खालचा मजला पुरेसा आहे.

चालू केंद्राच्या कामात अडथळा येणार नाही का?

ही अट आम्ही सगळ्यात वर लिहिली आहे. बंब बाहेर पडण्याच्या वाटेवर एकही पर्यटक, एकही स्कूल बस, एकही चहाची टपरी नको. वर्दी आल्यावर गाडी बाहेर पडायला लागणारा प्रत्येक सेकंद कुणाच्या तरी घरातला असतो. म्हणून प्रवेशद्वार वेगळ्या रस्त्यावर, बस थांबणार तीही तिकडेच, आणि संग्रहालय आवाराबाहेर. ड्युटीवरच्या जवानांना बोलावून फोटो काढायला लावायचे नाहीत. वरच्या मजल्याला एक मोठी खिडकी असेल. गाडी निघाली तर तिथून बघा.

टोकियोत योत्सुयाला असंच आहे: संग्रहालय आणि चालू अग्निशमन केंद्र एकमेकांना लागून, प्रवेश मोफत. तिथे जमतं, तर इथेही जमेल.

पुण्यात असं संग्रहालय आहे ना? मग मुंबईत कशाला?

पुण्यात एरंडवण्याच्या केंद्रात आहे, आणि ते झालं याचा आम्हाला आनंदच आहे. पुण्याला आगीची स्वतःची मोठी आठवण आहे. १८२८ मध्ये शनिवारवाडा आठवडाभर जळत होता. प्रत्येक शहराची आग वेगळी. वाड्याची आग पुण्यात सांगावी, गोदीची आणि गिरणीची मुंबईत.

परदेशातल्या संग्रहालयांकडून काय घेतलं?

टोकियोचं वर आलंच. न्यूयॉर्कचं संग्रहालय १९०४ सालच्या जुन्या फायर स्टेशनमध्ये उभारलं गेलं आणि तिथे ११ सप्टेंबर २००१ ला गेलेल्या जवानांचं स्मारकही केलं गेलं. इतिहास आणि शोक एका छताखाली राहू शकतात, हे धैर्य आम्हाला तिथून मिळालं.

लंडनकडून मात्र सावधगिरी शिकलो. तिथलं संग्रहालय साउथवर्कमध्ये होतं, ब्रिगेडच्या जुन्या प्रमुखांच्या राहत्या घरात. ती जागा विकसनासाठी विकली गेली आणि २०१५ मध्ये संग्रहालय तिथून उठलं. मुंबईत राहणाऱ्याला यावर आणखी काही सांगायची गरज नाही. जागेचा करार नव्याण्णव वर्षांचा आणि वापर बदलता येणार नाही अशा अटीचा असेल, तरच पहिली वस्तू आत न्यायची, असं आमचं ठरलं आहे.

संग्रहालयालाच आग लागली तर?

गंमत म्हणून विचारतात, पण प्रश्न गंभीर आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळालं. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये जळालं, दोनशे वर्षांचा संग्रह एका रात्रीत. आणि मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये, म्हणजे लोक मजेला येतात अशाच एका जागी, लहान मुलांसकट सत्तावीस जण गेले.

तेव्हा आमची अट अशी. जितक्या दालनांना दोन वेगळ्या दिशांनी बाहेर पडता येईल तितकीच दालनं. फोमची सजावट नाही, प्लायवूडच्या खोट्या भिंती नाहीत, कापडी छत नाही. एका वेळी किती माणसं आत, हे दारावर लिहिलेलं आणि मोजलेलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. बहुतेक इमारतींमध्ये ते फाइलीत पडून असतं. आम्ही ते प्रवेशद्वारावर लावू आणि शेजारी लिहू: ‘तुमच्या सोसायटीचं कुठे आहे ते सचिवांना विचारा.’ स्प्रिंकलर, पंप आणि टाकीची खोली काचेची ठेवायची, कारण हीसुद्धा बघण्याची वस्तूच आहे.

अलीकडच्या काळात गेलेल्या जवानांचं काय?

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत दलाचे चार अधिकारी गेले: प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. प्रमुख स्वतः आत होते. कालपरवाची गोष्ट आहे. त्यांच्या घरातली मुलं आज कॉलेजात असतील, नोकरीला लागली असतील.

म्हणून नियम एकच: कुटुंबाने हो म्हटल्याशिवाय फोटो नाही, वस्तू नाही, गोष्ट नाही. नाव मात्र राहील, ते शहराचं देणं आहे. आणि वर्षातून एक दिवस, १४ एप्रिलला, संग्रहालय इतरांना बंद आणि फक्त या घरांसाठी उघडं.

बायका या गोष्टीत कुठे आहेत?

दोन ठिकाणी. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपूरला आहे, १९५७ पासून. त्या महाविद्यालयातून पदवी घेणारी पहिली मुलगी हर्षिनी कान्हेकर, आपल्या नागपूरचीच. आज मुंबईच्या दलातही मुली आहेत. सहलीला आलेल्या मुलीला गणवेशातली बाई समोर दिसली पाहिजे. नुसता फोटो पुरणार नाही.

दुसरं ठिकाण क्वार्टर्सचं. रात्री घंटा वाजली की आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष जिन्याने धडधडत खाली. मग गाडी निघाल्याचा आवाज, मग शांतता. कुणी पुन्हा झोपायचं नाही. बायका कॉमन गॅलरीत येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत फार. कुणीतरी चहा टाकायचं. गाडी परत आली की वरून माणसं मोजायच्या. माझी आई नऊपर्यंत मोजायची, मग आत येऊन दिवा घालवायची. आराखड्यात एक खोली त्या गॅलरीची आहे: कठडा, एक दिवा, खाली रिकामं आवार. मला विचाराल तर संग्रहालयातली सगळ्यात महत्त्वाची खोली तीच.

मजकूर कोणत्या भाषेत असेल?

मराठी आधी, मग हिंदी आणि इंग्रजी. पण ब्रिगेडची भाषा आहे तशीच ठेवू: कॉल, वर्दी, टर्नआउट, ब्रांच, होज. जवान ‘नळकांडे’ म्हणत नाही, ब्रांच म्हणतो.

‘बंब’ या शब्दाला एक कोपरा दिला आहे. तो पोर्तुगीज ‘बोंबा’ वरून, म्हणजे पंपावरून आला. आपण तो न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबालाही दिला आणि आगीच्या गाडीलाही. एक पाणी तापवतो, एक आग विझवतो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण मुलांनी ऐकली नसेल, तर तीही तिथे वाचतील.

तिकीट किती?

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना मोफत, जवानांच्या कुटुंबांना मोफत. बाकीच्यांचा दर जागा ठरल्यावर.

ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींना सगळीकडे जाता येईल का?

हो. सगळ्या दालनांना उतार असेल. शिवाय लिफ्ट बंद असताना व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली कसं आणतात, हे इथेच प्रत्यक्ष शिकवायचं आहे. उंच इमारतीत राहणाऱ्या किती घरांनी याचा विचार केलाय?

पैसा कुठून येणार?

टप्प्याटप्प्याने. पहिला टप्पा इमारतीचा नाहीच, फिरत्या प्रदर्शनाचा आहे: एक टेम्पो, वीस वस्तू, कढईचा प्रयोग, आणि शाळा-सोसायट्यांमध्ये जाणं. तेवढं आम्ही स्वतः उभं करू शकतो. दुसऱ्या टप्प्यासाठी महापालिका, बंदर आणि उद्योगांकडे जाऊ. कोणत्याही दालनाला प्रायोजकाचं नाव द्यायचं नाही. गॅलरीच्या खोलीला तर नाहीच.

आमच्या घरी जुन्या वस्तू आहेत. काय करू?

आधी हे करू नका: चिंच आणि राखेने घासू नका. पितळी हेल्मेट किंवा ब्रांच लख्ख करून आणायचा मोह होतो, मी स्वतः बाबांच्या पट्ट्याचं बकल असंच चकाकवलं आणि त्यावर कोरलेला नंबर अर्धा गेला. काळपट राहू द्या. फोटो असतील तर मागे पेन्सिलने नावं लिहा, पेनाने नको. रजिस्टरची सुटी पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, साध्या कागदात गुंडाळा. वस्तू द्यायचीच असं नाही. मोजमाप आणि फोटो घेऊ दिलेत तरी पुरे.

आणि भंगारवाल्याला देण्याआधी एकदा थांबा. एका केंद्रातून जुन्या पितळी ब्रांच किलोच्या भावाने गेल्या, तेव्हा मी तिथेच उभी होते. तराजूवर त्या सहज ओळखू येत होत्या. एकीवर कुणीतरी खिळ्याने आपली आद्याक्षरं कोरली होती. मी पाकीट काढेपर्यंत टेम्पो भरून निघाला होता.

मला मदत करायची आहे, पण वस्तू नाहीत आणि पैसेही नाहीत.

मग तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडे जा. १९४४ साली जो दहा वर्षांचा होता, तो आज नव्वदीच्या पुढे आहे. मांडवी, डोंगरी, मस्जिद बंदर, उमरखाडी, माझगाव, कुठेही त्या दुपारी जो होता, त्याला काहीतरी आठवत असेल: तावदानं कशी हलली, आईने कुठे ओढत नेलं, रात्री आभाळ कोणत्या रंगाचं होतं. मोबाइल समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि मध्ये बोलू नका. सुरुवातीला त्यांचं नाव, तेव्हाचं वय आणि तेव्हाचा पत्ता त्यांच्याच तोंडून घ्या. दुपारी जेवणानंतर जाऊ नका, झोप येते. सकाळी अकराच्या सुमाराला जा.